ओंडके फोडायचं हायड्रॉलिक यंत्र: मापं, जोडणी आणि नेहमी होणाऱ्या चुका

बाभळीच्या बुंध्यात फांदी फुटलेली जागा आली की कुऱ्हाड रुतून बसते. मग घण, लोखंडी पाचर, परत घण. सरळ धाग्याची सुबाभूळ माणूस दिवसभर फोडू शकतो. गाठाळ बाभूळ, चिंच किंवा वाळलेली निलगिरी मात्र खांदे उतरवते. बेकरी, ढाबा, आचाऱ्याचा धंदा किंवा सरपणाची वखार असेल, तर हे काम यंत्रावर टाकलेलंच बरं. तालुक्याच्या गावातल्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे आणि लेथवाल्याकडे मिळून ते बांधून होतं.

यंत्राची कल्पना अगदी सरळ आहे. लोखंडी बीम आडवा ठेवायचा. त्याच्या एका टोकाला हायड्रॉलिक सिलिंडर, दुसऱ्या टोकाला घट्ट वेल्ड केलेली पाचर. मध्ये ओंडका. सिलिंडरचा दांडा ढकलप्लेट पुढे रेटतो, ओंडका पाचरीवर जातो आणि चिरतो. फोडलेले तुकडे पाचरीपलीकडे पडतात.

ओंडक्याचे आडवे तुकडे मात्र वेगळे, घोडीवर चेनसॉने करायचे. त्याच सांगाड्यावर गोल आरा बसवून सगळं एकात करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळा. लक्ष फोडणीकडे असताना बाजूला उघडा आरा फिरत राहतो. शिवाय आरा गिरणी चालवायला वनविभागाचा परवाना लागतो.

मोटरला आटे पाडलेला शंकू लावायचं यंत्रही पुष्कळ व्हिडिओंत दिसतं. स्वस्त आहे, पटकन होतं, पण ते बांधू नका. शंकू लाकडात घुसला की ओंडका स्वतःच गरकन फिरू शकतो, आणि शर्टाची बाही, उपरणं किंवा पदर गुंडाळला गेला तर थांबवायला वेळ मिळत नाही. हायड्रॉलिकमध्ये लिव्हर सोडला की दांडा आहे तिथे थांबतो. हा एकच फरक यंत्र निवडायला पुरेसा आहे.

आधी आकडे, मग लोखंड

बहुतेक फसलेली यंत्रं एकाच कारणाने फसतात: भंगारात जे सिलिंडर मिळालं ते घेतलं, जो पंप मिळाला तो लावला, आणि बीम अंदाजाने निवडला. आधी कागदावर तीन हिशेब करा.

पहिला जोराचा. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर १०० मिमी धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेमी होतं. तेलाचा दाब चौ. सेमीला १६० किलो ठेवला, तर ७८.५ गुणिले १६० म्हणजे १२,५६० किलो, साडेबारा टन. एवढ्यात १२ ते १४ इंच व्यासाची बाभूळ गाठीसकट फुटते. ८० मिमी बोअरमध्ये याच दाबाला आठ टन मिळतात. सुबाभूळ, आंबा, गुलमोहर यांना ते पुरतात, पण गाठाळ बाभळीत ढकलप्लेट मध्येच उभी राहते.

दुसरा हिशेब वेगाचा आणि मोटरचा. ५ एचपीची १४४० आरपीएमची मोटर आणि ८ सीसीचा (एका फेऱ्यात ८ सीसी तेल ढकलणारा) गिअर पंप ही जोडी जमते. ८ सीसी गुणिले १४४० म्हणजे मिनिटाला साडेअकरा लिटर तेल. तेवढ्या तेलाने १०० मिमीचं सिलिंडर सेकंदाला साधारण २४ मिमी पुढे सरकतं. ६०० मिमीच्या पूर्ण स्ट्रोकला, म्हणजे दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला, २५ सेकंद, आणि ५० मिमी दांडा असेल तर परतीला १८-१९ सेकंद. दुकानदार ‘११ सीसीचा घ्या, वेग येईल’ म्हणेल. वेग येईल खरा, पण पूर्ण दाबाला तो पंप साडेसहा एचपी मागेल आणि ५ एचपीची मोटर ट्रिप होत राहील.

पंचवीस सेकंद ऐकायला फार वाटतात. प्रत्यक्षात पाचर १०० ते १५० मिमी आत गेली की बहुतेक ओंडके तडकन उघडतात, त्यामुळे पूर्ण स्ट्रोक क्वचितच लागतो. परतीलाही दांडा मुळापर्यंत नेऊ नका. ४५० मिमीचे ओंडके फोडताना ४८० मिमीची जागा झाली की लिव्हर सोडा. बीमच्या फ्लँजवर (वरच्या सपाट पट्टीवर) पिवळ्या रंगाने रेघ मारून ठेवली की नवा माणूसही चुकत नाही. एवढ्यानेच प्रत्येक फेरीत अकरा-बारा सेकंद वाचतात.

सिंगल फेजवर काम करायचं असेल तर ३ एचपी मोटर, ५ सीसी पंप आणि ८० मिमीचं सिलिंडर घ्या. वेग तोच राहतो, जोर आठ टनांवर येतो. शेताच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते आणि शेतीपंपाची जोडणी शेतीपंपासाठीच असते, हे धरूनच जागा ठरवा.

तिसरा हिशेब बीमचा. हा सहसा कोणी करत नाही आणि यंत्र इथेच वाकतं. दांडा आणि पाचर बीमला दोन्ही टोकांनी लांब ढकलत असतात. तो जोर बीमच्या वरून जातो, मधून नाही. सिलिंडरचा मध्य वरच्या फ्लँजच्या १०० मिमी वर, बीमचा स्वतःचा मध्य फ्लँजच्या १०० मिमी खाली. म्हणजे २०० मिमीच्या तरफेने साडेबारा टन बीम वाकवायला बघतात. आयएसएमबी २०० मध्ये (२०० मिमी उंचीचा, आय अक्षराच्या आकाराचा बीम) वरच्या फ्लँजवर चौ. मिमीला साधारण १५ किलो ताण येतो. साधं पोलाद २५ किलोच्या आसपास कायमचं वाकायला लागतं, त्यामुळे तिथे निभावतं. आयएसएमबी १५० घेतला तर हाच ताण २९ किलोवर जातो. तो बीम पहिल्याच गाठीला धनुष्यासारखा होतो. बीम आयएसएमबी २०० चाच घ्या, आणि सिलिंडर बीमच्या जितकं जवळ बसवता येईल तितकं बसवा.

बीम आणि मागचा कान

बीमची लांबी २.१ मीटर लागते. मीटरला साधारण २५ किलो, म्हणजे ५३ किलोच्या आत-बाहेर. वाटणी अशी: मागच्या कानाला (सिलिंडरचं मागचं टोक पिनेने अडकवायच्या आधाराला) १०० मिमी, आत गेलेल्या सिलिंडरला पिनेपासून पिनेपर्यंत साधारण ८५०, ढकलप्लेटला १००, ओंडक्याच्या जागेला ६४०, पाचरीला २००, आणि तुकडे उतरायला २०० मिमी. ओंडक्याची जागा ६४० आणि स्ट्रोक ६०० का? ढकलप्लेट पाचरीच्या ४० मिमी अलीकडे थांबली पाहिजे म्हणून. प्लेट पाचरीला भिडली तर पूर्ण जोर धारेवर येऊन काहीतरी तुटणारच. धागे धरून बसलेला ओंडका या ४० मिमीत अडकला, तर पुढचा ओंडका त्याला ढकलून काढतो. सिलिंडर हातात आल्याशिवाय बीम कापू नका. प्रत्येक सिलिंडरची बंद लांबी वेगळी असते.

मागचा कान २० मिमी जाडीच्या दोन प्लेटांचा करा. बीमवर बसणारी बाजू २०० मिमी लांब ठेवा, दोन्ही अंगांनी १० मिमीचं फिलेट वेल्ड भरा. पिन ३० मिमी व्यासाची, ईएन-८ ची (साध्या एमएसपेक्षा मजबूत पोलाद). कानाखाली आणि पाचरीखाली बीमच्या वेबला (मधल्या उभ्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी १० मिमीच्या आधारपट्ट्या लावा, नाहीतर वेब पातळ असल्यामुळे वरचा फ्लँज खाली-वर श्वास घेतल्यासारखा हलत राहतो आणि काही महिन्यांत वेल्डच्या काठाने चीर पडते.

या दोन जागांचं वेल्डिंग ७०१८ रॉडने करून घ्या. रॉड ओव्हनमध्ये वाळवलेले हवेत. उघड्या पाकिटातला, पावसाळ्यात दमट झालेला रॉड इथे चालणार नाही. जागा ग्राइंडरने पांढरी करा, पहिला थर मुळापर्यंत नेऊन स्लॅग पूर्ण काढा, मगच दुसरा. ग्रिलच्या दुकानात ६०१३ रॉडवर हात बसलेला असतो. तो गेटला ठीक आहे, या कानाला नाही.

पाचर

पाचरीसाठी २५ मिमी जाडीची प्लेट, २५० मिमी उंच, २०० मिमी लांब. साधी एमएस चालते, ईएन-८ मिळाली तर उत्तम. ट्रकचा पाटा वापरायची पद्धत आहे, पण पाट्याचं पोलाद तापवल्याशिवाय वेल्ड केलं तर वेल्डच्या शेजारीच कडक होऊन तडकतं. त्या फंदात न पडलेलं बरं. लाकडाने लोखंड फारसं झिजत नाही.

धारेला दोन्ही बाजूंनी ५० मिमी लांबीचा उतार द्या. एकूण कोन २८ अंशांच्या जवळ येतो. त्याहून बोथट केली तर लाकूड चिरण्याऐवजी चेंगरतं. फार निमुळती केली तर गाठीवर धार मुडपते. वस्तऱ्यासारखी धार नको, टोकाला दीड-दोन मिमीची सपाटी राहू द्या. धार बीमशी नेमकी काटकोनात उभी करा. वरचं टोक मागे झुकलेलं असेल तर ओंडका चढणीवर चढल्यासारखा वर सरकतो.

नुसती प्लेट ओंडक्यात शिरते आणि तिथेच राहते, कारण चीर २५ मिमीपेक्षा रुंद होत नाही. म्हणून धारेच्या ८० मिमी मागून दोन्ही अंगांना १० मिमी प्लेटचे पंख लावा. मागच्या टोकाला एकूण रुंदी ९० मिमी होईल असे ते पसरवा. खरं फोडण्याचं काम हे पंखच करतात. पाचरीच्या पाठीला १६ मिमीच्या दोन तिरक्या फासळ्या द्या.

चौफुली पाचर, म्हणजे एकदम चार तुकडे करणारी, हवी असेल तर ती काढता-घालता येणारी करा. आडवं पातं उभ्या धारेच्या ६० मिमी मागे ठेवा, म्हणजे दोन्ही धारा एकाच वेळी लाकडात शिरत नाहीत आणि जोर वाटला जातो. साडेबारा टनांत ती सरळ धाग्याच्या, १० इंचांपर्यंतच्या ओंडक्यालाच वापरा.

ढकलप्लेट आणि तिची सरक

ढकलप्लेट २० मिमी जाड, १५० मिमी रुंद, १८० मिमी उंच. पाठीमागे दोन फासळ्या. ओंडका घसरू नये म्हणून तोंडावर १० मिमीचे चार खिळ्यासारखे उंचवटे वेल्ड करा.

या प्लेटखालची सरक म्हणजे फ्लँजवरून घसरणारी बैठक. ती निदान २२० मिमी लांब हवी. लांबी कमी पडली की ओंडका वाकडा बसताच प्लेट मागे कलते आणि सगळा आडवा जोर दांड्यावर, दांड्यावरून सीलवर येतो. सिलिंडर गळायला लागलं आणि दांड्यावर एकाच बाजूला ओरखडे दिसले, तर दोष सीलमध्ये नसून सरकेत आहे असं समजा.

सरक करताना एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. आपल्याकडच्या आयएसएमबीचा फ्लँज आतून सपाट नसतो. कडेला पातळ आणि वेबकडे जाड असा उतरता असतो. म्हणून फ्लँजखालून पकडणारी पट्टी फक्त २० मिमी आत घ्या, आणि जाडी कडेपाशी मापून मोकळीक दीड मिमी ठेवा. खालच्या पट्ट्या वेल्ड करू नका, बोल्टने बसवा आणि मध्ये पातळ पत्र्याचे शिम ठेवा. झिजल्यावर एक शिम काढायचा, बस्स. फ्लँजच्या कडेला वेल्डचे थेंब राहिले असतील तर ते ग्राइंड करून काढल्याशिवाय सरक बसवू नका.

दांड्याची पिन ढकलप्लेटमध्ये किंचित सैल हवी: ३० मिमीच्या पिनेला ३१ ते ३२ मिमीचं भोक. एवढ्या ढिलाईने प्लेटची थरथर दांड्यापर्यंत पोचत नाही. दांडा प्लेटला थेट वेल्ड करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

बीमची वरची पातळी जमिनीपासून ७००-७५० मिमी ठेवा, कंबर वाकत नाही. जाड ओंडके एकट्याने उचलावे लागत असतील तर ४५० मिमीवर आणा आणि फळीवरून लोटत चढवा. दोन्ही बाजूंना ३ मिमी पत्र्याचे आडवे पाट द्या, अर्धा फुटलेला तुकडा पायावर पडणार नाही.

सिलिंडर जुनं घ्यायचं तर

भंगार बाजारात जेसीबीचं किंवा लोडरचं सिलिंडर मिळतं आणि ते चांगलं काम देतं. टिपरचं टप्प्याटप्प्याने उघडणारं घेऊ नका. त्याला तेल एकाच बाजूने जातं, दांडा स्वतःहून परत येत नाही. दांड्याच्या क्रोमवरून नख फिरवा. नख अडकलं की ते सील टिकणार नाही. दांडा दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवा, वाक लगेच दिसतो. नवीन सील किट कोणत्याही परिस्थितीत घाला, आणि लेथवाल्याकडून बोअर आतून होन करून (घासून गुळगुळीत करून) घ्या.

तेलाची वाट

टाकी ३ मिमी पत्र्याची, ४५०×३५०×३०० मिमी. त्यात ४० लिटर तेल भरायचं. मध्ये एक आडपडदा घाला: एका बाजूला परतीचं तेल पडेल, दुसऱ्या बाजूने पंप ओढेल. परतीची नळी तेलाच्या पातळीखाली नेऊन टोक तिरकं कापा, नाहीतर तेल धबधब्यासारखं पडून फेस होतो. ओढणारी नळी तळापासून ५० मिमी वर, तिला जाळीचा स्ट्रेनर. टाकी आतून रंगवू नका. रंगाची खपली पंपात जाते. वेल्डिंगचे कण मात्र तासभर बसून काढा. नव्या यंत्रातले पंप बहुतेक या कणांनीच मरतात.

पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा, म्हणजे तेल आपोआप त्याच्या तोंडाशी येतं. ओढणारी नळी पाऊण ते एक इंची, तारेचा आधार असलेली हायड्रॉलिक नळीच हवी. पाण्याची नळी गरम तेलाने मऊ पडून चिकटते आणि पंप उपाशी राहतो. मोटर आणि पंप समोरासमोर, मध्ये रबरी स्पायडरचं कपलिंग. दोन्ही शाफ्ट एका रेषेत येण्यासाठी बेल हाउसिंग लावणं सगळ्यात सोपं. पंपाच्या शाफ्टवर थेट पुली बसवून पट्ट्याने फिरवू नका. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट आडवा ओढा सोसायला बनवलेला नसतो, बुश एका बाजूने खाल्ला जातो.

कंट्रोल वॉल्व्ह एका लिव्हरचा, तीन पोझिशनचा, हात काढला की स्प्रिंगने मध्यावर येणारा. दुकानात ‘ओपन सेंटर’ असं स्पष्ट सांगून घ्या. ओपन सेंटरमध्ये लिव्हर मध्यावर असताना तेल विनादाब टाकीत परततं. क्लोज सेंटरचा वॉल्व्ह आला तर यंत्र रिकामं उभं असतानाही पंप रिलीफ वॉल्व्हमधून (ठरवलेल्या दाबापुढे तेल टाकीत सोडणारी झडप) पूर्ण दाबाने तेल ढकलत राहतो आणि थोड्याच वेळात टाकीला हात लावता येत नाही.

दाबाच्या नळ्या अर्धा इंची, टू-वायर. नळीवर छापलेला कामाचा दाब वाचून घ्या. जोडांना डाउटी वॉशर (आतून रबर असलेला धातूचा वॉशर) वापरा. टेफ्लॉन टेप इथे नको. तिचे तुकडे वॉल्व्हच्या स्पूलमध्ये अडकतात. परतीच्या वाटेवर २५ मायक्रॉनचा फिल्टर, पंपापाशी ० ते २५० किलोचा ग्लिसरीन भरलेला गेज. तेल आपल्या उन्हाळ्याला व्हीजी ६८.

ट्रॅक्टर असेल तर मोटर-पंप वाचतो, पण एक तपासा. ट्रॉली उचलायला दिलेलं तोंड बऱ्याच ट्रॅक्टरवर एकेरी असतं. आपल्या सिलिंडरला दुहेरी वॉल्व्ह आणि तेल परत जायला मोकळी वाट हवी. ट्रॅक्टरचं तेल गिअरबॉक्सशी एकच असतं, त्यामुळे जुन्या सिलिंडरातला गाळ थेट तिकडे जाईल. सिलिंडर धुऊनच जोडा.

पहिल्यांदा चालू करताना

मोटरला ओव्हरलोड रिले असलेला डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) स्टार्टर, रिले साडेसात अँपिअरवर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), दोन अर्थिंग, आणि लिव्हरपासून हातभर अंतरावर लाल छत्रीचं बंद बटण.

तेल भरण्याआधी मोटर एकटी, कपलिंग सोडून, क्षणभर फिरवा आणि पंपावरच्या बाणाशी दिशा जुळवा. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. उलट फिरलेला गिअर पंप पहिल्याच मिनिटात शाफ्टचं सील फेकतो.

मग दांडा आत घेतलेल्या स्थितीत तेल भरा. रिलीफ वॉल्व्हचा स्क्रू जवळपास पूर्ण सैल करा. मोटर चालू करून दोन मिनिटं नुसतं फिरू द्या. लिव्हर हळूच ढकला. दांडा झटके देत जाईल, ती आतली हवा. ओंडका न ठेवता पाच-सहा वेळा पुढे-मागे करा, थांबा, फेस बसू द्या, पातळी बघून तेल टाका. पातळी नेहमी दांडा आत असतानाच बघायची. दांडा पूर्ण बाहेर असताना टाकीत सव्वा लिटरभर तेल कमी दिसतं, आणि ती भर घातली तर दांडा आत येताना ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करायच्या तोंडातून) तेल वर येतं.

दाब लावायला दांडा पूर्ण बाहेर नेऊन लिव्हर तसाच धरा, गेज बघा, रिलीफचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत १६० वर आणा आणि नट घट्ट करा. एकाने टाँग टेस्टर धरून करंट पाहावा. साडेसातच्या वर जात असेल तर दाब कमी करा. फुटत नाही म्हणून १६० चा २०० करू नका. बीमचा हिशेब १६० चाच आहे.

यंत्रावर काम

यंत्र कितीही नीट बांधलं तरी बोटं जातात ती एका ठरलेल्या पद्धतीने: एक माणूस लिव्हरवर, दुसरा ओंडका धरून. लिव्हरवाल्याला वाटतं हात निघाला, ओंडकेवाल्याला वाटतं अजून वेळ आहे. म्हणून जो लिव्हर धरेल त्यानेच ओंडका ठेवायचा. दुसऱ्याने फक्त ओंडके आणून द्यायचे आणि तुकडे न्यायचे, तेही ढकलप्लेट थांबलेली असताना. लिव्हर अशा जागी बसवा की तो धरलेल्या माणसाचा मोकळा हात पाचरीपर्यंत पोचूच नये. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या हाताला वेगळा लिव्हर द्या, दोन्ही दाबले तरच दांडा पुढे जाईल असा. लिव्हर दोरीने किंवा रबराने बांधून ठेवणं कधीही नको.

ओंडका ढकलप्लेटच्या बाजूला सपाट बसला पाहिजे. तिरकं कापलेलं टोक घसरतं आणि ओंडका बाजूला उडतो. चेनसॉने कापतानाच काटकोन सांभाळा. फांद्यांचा फाटा असेल तर तो ढकलप्लेटकडे ठेवून बुंध्याकडून फोडा. बांधावरच्या बाभळीत तारेचे आणि खिळ्यांचे तुकडे हमखास असतात, म्हणून चष्मा आणि जाड बूट हवेतच. चप्पल घालून हे काम नको. सैल हातमोज्यांपेक्षा घट्ट बसणारे बरे.

पाचरीवर ओंडका अडकला तर मोटर बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, मग लाकडी दांड्याने काढा. घणाने ठोकून काढताना पाचरीचा तुकडा उडू शकतो.

नळीतून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर बोटाने चाचपू नका. पुठ्ठा धरून बघा. १६० किलोच्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जागा लहान दिसते, दुखत नाही, आणि काही तासांत हात सुजून जातो. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता लगेच रुग्णालयात जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगा.

बिघाड ओळखायचा कसा

पंप किंचाळतोय आणि तेल दुधासारखं दिसतंय: ओढणाऱ्या बाजूने हवा येते आहे. जोडावर थोडं तेल टाका, आवाज बदलला की गळती तिथेच. तेल पांढरट आहे पण आवाज नाही, आणि रात्रभर उभं राहूनही निवळत नाही: पाणी शिरलं आहे, तेल बदला.

तेल तासाभरात साठ अंशांच्या वर जात असेल तर वॉल्व्ह मध्यावर असतानाचा गेज बघा. दहा-पंधरा किलोपेक्षा जास्त दाखवत असेल तर चुकीचा वॉल्व्ह आहे किंवा परतीचा फिल्टर तुंबला आहे. गेज ठीक असेल तर कामाची पद्धत बघा: ओंडका हलत नसताना लिव्हर धरून ठेवायची सवय तेल तापवते. पाच सेकंदांत हलला नाही तर मागे घ्या, ओंडका फिरवून पाचर गाठ टाळून जाईल असा लावा.

रिकामं नीट चालतं पण ओंडका आला की दांडा मंदावतो, अशी तक्रार असेल तर पिस्टनचं सील तपासा. दांडा पूर्ण बाहेर नेऊन मोटर बंद करा, दाब सोडा, दांड्याच्या बाजूची नळी काढून वॉल्व्हचं ते तोंड बूच लावून बंद करा. मग बाजूला उभं राहून मोटर चालू करा आणि पुढचा लिव्हर दाबा. सिलिंडरच्या मोकळ्या तोंडातून सतत तेल आलं तर सील गेलं. तेल आलं नाही आणि गेजही १६० पर्यंत चढत नाही, तर रिलीफमध्ये कचरा आहे किंवा पंप झिजला आहे. पुढच्याऐवजी परतीचा लिव्हर दाबला जाणार नाही याची काळजी घ्या.

महिन्यातून एकदा बीमच्या खालच्या फ्लँजखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतार लावतो तशी दोरी ताणून बघा. मध्ये फट दिसू लागली तर बीम वाकतो आहे. त्याच वेळी कानाचे आणि पाचरीचे वेल्ड ब्रशने घासून बघा. बारीक गंजाची रेघ म्हणजे चीर. तिच्यावरून नुसता वेल्ड चढवू नका, ग्राइंडरने मुळापर्यंत उघडून मग भरा.

लाकडाबद्दल थोडं

बहुतेक लाकूड ओलं असतानाच सोपं फुटतं. निलगिरीचा धागा पिळलेला आणि एकमेकांत गुंतलेला असतो. ती वाळली की पाचर धाग्यामागे वळत जाते, म्हणून तोडल्याच्या आठवड्यातच फोडा. सुबाभूळ सरळ, तिला घाई नाही. चिंच ठेवायची शेवटी, तीही मोठे चकले कडेकडेने सोलत, मधोमध पाचर घालून नव्हे. तुकडे ७५ ते १०० मिमी जाडीचे करा. ते जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल असे रचून वर तेवढा पत्रा टाका. बाजू झाकू नका.

आपल्या रानातलं झाड तोडायलाही महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो, आणि काही जातींची लाकडं वाहून न्यायला वाहतूक पास लागतो. यंत्रात पैसे घालण्याआधी तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आपल्याकडच्या जाती सांगून विचारून घ्या.

पहिला फिल्टर ५० तासांनी बदला. त्यात पितळी चमक दिसली तर पंप, काळी रबराची भुकटी दिसली तर सिलिंडरचं सील किंवा नळी. नंतर तेल आणि फिल्टर वर्षातून एकदा. सरकेला रोज सकाळी ग्रीस. पावसाळ्यात यंत्र उभं राहणार असेल तर दांडा पूर्ण आत घेऊन ठेवा आणि बाहेर राहिलेल्या दोन बोटं क्रोमला ग्रीस चोपडून वर प्लास्टिक बांधा. त्यावर गंजाचा एक ठिपका पडला तरी दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी तो सील फाडतो.